उंबरठ्यावरचा पहारेकरी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण थिऑसॉफिकल सोसायटीपर्यंत आलो. आज एकाच प्रतिमेचा प्रवास बघू: गूढज्ञानाच्या उंबरठ्यावर उभी असलेली भयंकर आकृती.

१८४२ साली बुलवर-लिटन या इंग्रज लेखकाची ‘झानोनी’ ही कादंबरी आली. तिच्यातला ग्लिंडन हा तरुण चित्रकार गुरूची आज्ञा मोडून, घाईघाईने निषिद्ध रसायन हुंगतो. ज्ञान मिळत नाहीच. एक भेसूर छाया मात्र मागे लागते. इथे ती छाया बाहेरून येते, हे लक्षात ठेवू.

साठेक वर्षांनी, १९०४-०५ मध्ये, रुडॉल्फ स्टायनर यांनी साधनेवर लेखमाला लिहिली. तेव्हा ते सोसायटीच्या जर्मन शाखेचे प्रमुख होते. त्यांनी चित्रच पालटलं. ही आकृती म्हणजे कोणी परकं भूत नव्हे. आपल्याच कृतींनी, विचारांनी घडलेलं ते आपलंच रूप. म्हणून तिला हाकलून भागत नाही, सुधारावंच लागतं. ज्ञानाच्या तिप्पट वाटचाल चारित्र्याची हवी, असा त्यांचा हिशेब होता.

फरक मोठा आहे. भूत बाहेरचं असेल, तर दोष त्याचा. आपलं असेल, तर जबाबदारी आपली.

पण स्टायनर हा हिशेब पूर्वजन्मांपर्यंत नेतात, आणि तिथे धोका सुरू होतो. मग ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही ‘तुझंच कर्म’ म्हणता येतं. हे आपल्या समाजाला काही नवं नाही. म्हणून आपण एवढंच म्हणू, की हा आरसा स्वतःपुरताच धरावा. दुसऱ्याच्या तोंडापुढे धरला, की त्यातली नीती संपते.