ठाण्यातल्या जुन्या खुणा

“काकू, इथे जुने असे काही उरले आहे का हो?” आमच्या शेजारी नव्याने राहावयास आलेल्या सूनबाईंनी विचारले. त्या नागपूरच्या. गच्चीवरून जिकडे पाहावे तिकडे उंच इमारतीच दिसतात; तेव्हा त्यांचे विचारणे काही चुकीचे नव्हते. मी लग्न होऊन ठाण्यास आले त्याला आता पन्नास वर्षे होतील. तरी मला चटकन उत्तर देता आले नाही, याची रुखरुख लागली. म्हणून एका रविवारी आम्ही दोघी पायीच निघालो.

प्रथम स्टेशन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आपल्या देशातील पहिली उतारूंची आगगाडी चौदा डबे व सुमारे चारशे पाहुणे घेऊन येथेच आली. तिला तीन एंजिने जोडली होती. तेव्हा एकवीस मैल हे केवढे अंतर वाटले असेल! आज आपल्या लेकीसुना तेच अंतर रोज डबा घेऊन जातात-येतात.

तेथून कोपिनेश्वराच्या दर्शनास गेलो. शिलाहारांच्या काळी आपले गाव श्रीस्थानक म्हणून प्रसिद्ध होते. हल्लीचे देऊळ मात्र मराठी अमलातले, १७६०च्या सुमारास सरसुभेदारांनी बांधविलेले. पुढे १८७९ साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून ते दुरुस्त केले. शेजारी मासुंदा तलाव आहेच. ठाणे हे तळ्यांचे गाव. पण पुष्कळ तळी बुजली, हा काठावर माणसांची वर्दळ राहिली म्हणून टिकला.

जवळच मराठी ग्रंथसंग्रहालय. १ जून १८९३ रोजी त्याची स्थापना झाली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे संस्थापकांपैकी एक.

शेवटी आम्ही तुरुंगाच्या भिंतीपाशी थांबलो. हा मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ साली इंग्रजांनी. त्रिंबकजी डेंगळे १८१६ साली येथूनच निसटले. येथेच १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे फासावर गेले. कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे होते. “म्हणजे माझ्या धाकट्या भावाएवढे,” सूनबाई म्हणाल्या आणि मग बराच वेळ बोलल्या नाहीत.

परतताना त्यांनी विचारले, “आणि आपल्या इमारतीच्या जागी काय होते?”

आमचा वाडा होता, आणि परसात विहीर होती. सासूबाईंबरोबर खड्याच्या गौरी मी त्याच विहिरीवरून आणल्या. चूळ भरून, मुक्याने, सात खडे ताम्हनात घेऊन. वाडा पाडला तेव्हा विहीरही बुजवली. कागदांवर सह्या करताना माझ्या मनात आले होते की, विहीर तेवढी राहू द्या म्हणावे. पण पुरुषमंडळींचे बोलणे चालले होते, मी चहा दिला आणि गप्प बसले. आता गौरीचे खडे खालच्या नळापाशी ठेवून तेथून आणते.

कोपिनेश्वराला वर्गणी देणारे होते, ग्रंथसंग्रहालयाला वाचणारे होते. आमच्या विहिरीसाठी निदान एकीने बोलायला हवे होते, आणि ती मीच होते.

तेव्हा भगिनींनो, आपल्या मंडळाच्या या वर्धापनदिनी माझी एक विनंती आहे. आपल्या आळीतील जुनी विहीर, पार, देवडी, एखादे झाड, जे जे आठवत असेल ते मंडळाच्या वहीत लिहून ठेवावे. जे अजून शाबूत आहे त्यावर खूण करावी. त्याच्यावर घाला येईल त्या दिवशी आपण सगळ्याजणी मिळून विचारावयास जाऊ. वहीचे पहिले पान मी लिहिले आहे. दुसरे नागपूरच्या सूनबाईंनी मागून घेतले आहे.