डुकरांचें धान्य माणसांच्या ताटांत

अन्न आणि भूमि यांचा संबंध किती निकट आहे, हें १९१७ सालीं डेन्मार्क देशास कळून आलें. लोणी व डुकराचें मांस परदेशीं विकून हा देश संपन्न झाला होता. पण जनावरांचें बरेंचसें खाद्य समुद्रापलीकडून येई. महायुद्धांत ती आयात तुटली. उरलेलें धान्य डुकरांना घालावें कीं माणसांना?

आहारशास्त्रज्ञ मिकेल हिंडहेडे यांचा सल्ला सरकारनें मानला. जनावरास चारलेल्या धान्याचा थोडाच अंश मांसरूपानें परत मिळतो, हें त्यामागील गणित होतें. बहुसंख्य डुकरें मारण्यांत आलीं. कोंड्यासकट राय धान्याचा पाव, जवाची पेज आणि बटाटे हा लोकांचा मुख्य आहार ठरला.

उपासमार टळली. शिवाय ऑक्टोबर १९१७ पासूनच्या वर्षांत मृत्यूचें प्रमाण हजारीं १०.४ पर्यंत उतरलें, असें हिंडहेडे यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलें. अर्थात् त्याच काळांत दारूही महाग व दुर्मिळ झाली होती. तेव्हां सारें श्रेय पावास देतां येणार नाहीं.

आज पृथ्वीवरील शेतजमिनीचा मोठा भाग जनावरांच्या पोषणांत गुंतला आहे. डेन्मार्कनें जें निरुपायानें केलें, तें जगास आतां विचारपूर्वक करतां येईल.