श्वानांमधील घरगुती आवाजांची भीती

श्वानांमधील घरगुती आवाजांची भीती : प्रेशर कुकरची शिट्टी, मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, ड्रिल किंवा फरशीवर पडलेले स्टीलचे ताट अशा रोजच्या आवाजांना कुत्रा घाबरणे. फटाक्यांची आणि गडगडाटाची भीती लोक समजून घेतात; घरातल्या आवाजांची मात्र हसण्यावारी नेतात. मिक्सरवर भुंकणाऱ्या कुत्र्याचे व्हिडिओ कौतुकाने फिरतात, तेव्हा तो पुष्कळदा घाबरलेला असतो.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की सलग घरघरीपेक्षा मध्येच वाजणारा तीव्र स्वर कुत्र्यांना अधिक अस्वस्थ करतो. बॅटरी संपत आलेल्या धूरसूचक यंत्राची बीप हे त्याचे ठळक उदाहरण. फिनलंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे १३,७०० कुत्र्यांच्या पाहणीत ३२ टक्के कुत्री कोणत्या ना कोणत्या आवाजाला घाबरणारी आढळली.

थरथरणे व लपणे ही लक्षणे चटकन कळतात. धाप लागणे, ओठ चाटणे, अवेळी जांभया देणे, नजर चुकवणे, कान मागे पाडणे ही तशी कळत नाहीत. काही भीती आनुवंशिक असते, काही पिल्लू तीन ते सुमारे बारा आठवड्यांचे असताना तसे आवाज कानावर न पडल्यामुळे राहते. पूर्वी न घाबरणारा कुत्रा मोठ्या वयात एकाएकी घाबरू लागला, तर सांधेदुखीसारखे दुखणे आहे का, हे पशुवैद्याकडून आधी पाहून घ्यावे.

उपचाराचा गाभा सोपा, पण वेळखाऊ आहे. आवाज इतका मंद वा दूर ठेवायचा, की कुत्र्याच्या कानी पडेल पण तो बिथरणार नाही. मिक्सर आतल्या खोलीत दार लावून क्षणभर फिरवावा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यावा. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम महत्त्वाचा. उलट झाल्यास खाऊच धोक्याची खूण ठरू शकतो. अंतर काही दिवसांच्या सरावानंतरच कमी करावे. कुत्र्याने खाऊ नाकारला, तर घाई झाली असे समजून एक पाऊल मागे यावे. मोबाइलवरील ध्वनिमुद्रण सरावाला चालते, परंतु त्याच्या स्पीकरमधून सर्व कंपने उमटत नाहीत. त्यामुळे त्यावर शांत राहणारा कुत्रा खऱ्या कुकरपुढेही शांत राहील असे नाही.

‘सवय होईल’ म्हणून कुत्र्याला यंत्रासमोर बांधून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय होय. त्याने भीती वाढण्याचीच शक्यता अधिक. रागावणेही तसेच. जवळ घेतल्याने भीतीला खतपाणी मिळते, ही समजूत मात्र निराधार आहे. कुत्रा आपणहून बिलगला, तर त्याला खुशाल थोपटावे. पलंगाखाली वा न्हाणीघरात दडून बसला, तर ओढून बाहेर काढू नये.

सराव चालू असेपर्यंत कुकर लावताना त्याला दुसऱ्या खोलीत न्यावे आणि बीप करणाऱ्या यंत्राची बॅटरी बदलावी. एवढ्याने भागले नाही, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे. पूर्वी सर्रास दिले जाणारे एसिप्रोमेझिन एकट्याने देणे योग्य नाही : त्याने शरीर सुस्तावते, भीती तशीच राहते.