बैलाला पाच दिवस, शर्टाला एकही नाही

औरंगाबादच्या छावणीत गुरुवारी जनावरांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतं. आदत आहे, चार दाती की जुळलेला, हे कळलं की चालवून पाहतं आणि मग उपरण्याखाली बोटांनी भाव ठरतो. तरी धाकधूक राहतेच. औतात बसका निघाला तर? म्हणून ‘धरून बघतो, बसला तर आणून बांधीन’ अशी बोली चारचौघांसमक्ष होते. कापडाच्या दुकानात मात्र गल्ल्यामागे पाटी असते: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

माल परत करायचा हक्क गुरांच्या बाजाराला जुनाच. याज्ञवल्क्यस्मृतीत घेतलेली वस्तू पारखायच्या मुदती दिल्या आहेत: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओढकामाच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. दुधाची लबाडी दोन-तीन धारांत उघडी पडते, बैलाची खोड कळायला मात्र औत धरावं लागतं. हा हिशेब बाजारात वावरलेल्या माणसाचाच असणार. त्याच यादीत दासाला पंधरा दिवस आणि दासीला महिना आहे. माणसंही त्याच दावणीला होती, हे झाकून या नियमांचं कौतुक करता येत नाही.

या स्मृतीवरची गाजलेली टीका म्हणजे ‘मिताक्षरा’. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात विज्ञानेश्वरानं ती लिहिली. पुढे हे गाव आणि औरंगाबाद दोन्ही निजामाच्या राज्यात आली. तेव्हा परतीचा हा कायदा मराठवाड्याला शेजारघरचाच.

रोमही याला अपवाद नाही. तिथल्या बाजार-अधिकाऱ्यांचा हुकूमनामा गुलाम आणि जनावरं विकणाऱ्यांना दोष आधी सांगायला लावत असे. दोष सांगितला नाही, तर सहा महिन्यांत सौदा मोडता येई आणि वर्षभरात किंमत कमी करून मागता येई.

मग दुकानातली पाटी आली कुठून? तिचं मूळ ‘कॅव्हिएट एम्प्टर’, म्हणजे ‘घेणाऱ्यानं जपावं’, या सूत्रात शोधतात. सूत्र लॅटिन, पण ते फोफावलं इंग्लंडात. तिथला 1603 चा खटला तर मासलेवाईक आहे. एका सोनारानं बेझोअर म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला. बेझोअर म्हणजे बकऱ्यासारख्या जनावराच्या पोटात तयार होणारा, विषावर उतारा मानलेला खडा. तो खोटा निघाला. सोनारानं ‘बेझोअर आहे’ असं म्हटलं होतं, हमी दिली नव्हती, एवढ्यावर न्यायालयानं गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. ही वृत्ती पुढे भारतातल्या 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 16 मध्ये उतरली, जरी त्याला अपवाद बरेच आहेत.

पाटी निव्वळ विलायती म्हणावी, तर नारदस्मृतीचा नारद आडवा येतो. नीट पारखून पसंत केलेला माल परत करू नये, असं त्याचंही म्हणणं. दुकानदारानं हाच आधार दाखवला तर उत्तर देणं अवघड. पण नारद तिथेच थांबत नाही. घेतल्याचा पस्तावा झाला, तर त्याच दिवशी माल जसाच्या तसा परत. दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा हिस्सा कापून, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. म्हणजे नऊशेच्या शर्टाला दुसऱ्या दिवशी तीस रुपये कमी, तिसऱ्या दिवशी साठ.

दुकानात दुसरी पाटी असते ती सौजन्याची, आणि ती मात्र परकीच निघते. ग्राहक हा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, असं गांधीजींच्या नावानं टांगलेलं वाक्य अनेक ठिकाणी दिसतं. ते त्यांनी 1890 मध्ये दक्षिण आफ्रिकेत म्हटलं, असंही सांगतात. पण 1890 मध्ये ते लंडनला शिकत होते, आफ्रिकेत गेले 1893 मध्ये. हाच मजकूर 1941 मध्ये स्टुडबेकर या अमेरिकन मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर छापलेला सापडतो. खरं सौजन्य पाटीवर नसतंच. भवानी व्हायच्या आधी माल परत न्यायचा नाही, हे जुनं गिऱ्हाईक पाळतं. दुकानदारही ‘पैसे नाही ताई, पण बदलून घ्या’ म्हणत घडी मोडलेला शर्ट उलटासुलटा करून बघतो.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरायचे. रंग आवडला नाही, माप बसलं नाही, अशा तक्रारींना मात्र त्यात जागा नाही. तिथे गिऱ्हाइकाला नारदाचा तीस रुपयांचा सौदा अजूनही स्वस्तात पडला असता.