जुना जीपीएस टायमिंग अँटेना : आधी ओळख, मग वीज

मोबाइल मनोऱ्यावर किंवा त्याच्या उपकरणखोलीच्या छपरावर शंकूच्या आकाराचा छोटा पांढरा डबा दिसतो. हा जीपीएसचा टायमिंग अँटेना. ठिकाण दाखविण्यासाठी नव्हे, तर अचूक वेळ मिळविण्यासाठी तो बसविलेला असतो. सीडीएमए जाळ्यातील मनोऱ्यांना ही वेळ अत्यावश्यक होती. ती जाळी बंद पडत गेली, तसे त्यांचे अँटेना जुन्या सामानाच्या बाजारात आले. हौशी रेडिओचालकांना ते उपयोगी पडतात. मात्र चुकीच्या विद्युतदाबाने चांगला अँटेना निकामी होऊ शकतो.

वीज कशासाठी?
जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा संकेत जमिनीवर अत्यंत क्षीण होऊन पोहोचतो. म्हणून अँटेनातच प्रवर्धक असतो. त्याला वेगळी वायर नसते. संकेत ज्या कोअॅक्सिअल केबलने खाली येतो, तिच्याच मधल्या तारेतून डीसी वीज वर जाते. ही वीज न मिळाल्याने अनेक चांगले अँटेना बिघडलेले समजले जातात.

ओळखावा कसा?
प्रथम तळाच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक व विद्युतदाब वाचावा. ३.३ व ५ व्होल्ट हे नेहमीचे आकडे. काहींना १२ व्होल्टही लागतात. जर्मनीतील माइनबर्ग कंपनीचे काही अँटेना संकेत ३५.४ मेगाहर्ट्झवर उतरवून पाठवतात. त्यांना त्यासाठीच बनविलेला रिसीव्हर लागतो.

जोडणी
पट्टी पुसली गेली असल्यास मल्टिमीटरने मधली तार व बाहेरील कवच यांमधील रोध मोजावा. तो शून्याजवळ असल्यास वीज देऊ नये. अँटेना प्रवर्धकाविना किंवा बिघडलेला असू शकतो. अन्यथा प्रवाहाला मर्यादा घातलेल्या पुरवठ्यातून ३.३ व्होल्टपासून सुरुवात करावी. प्रवाह साधारण १० ते ५० मिलिअँपिअर असल्यास प्रवर्धक सुरू झाल्याचे ते लक्षण होय. रिसीव्हरच्या सॉकेटवर किती व्होल्ट येतात, हेही जोडण्यापूर्वी मोजावे. तेथे वीज नसल्यास मध्ये ‘बायस-टी’ लावावी. तिच्यातून वीज अँटेनाकडे जाते आणि रिसीव्हर सुरक्षित राहतो.

अँटेना उघड्या आकाशाखाली बसवावा. साध्या केबलमध्ये संकेताला दर मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ३० मीटरला १५० नॅनोसेकंदांचा उशीर होतो. तो रिसीव्हरमध्ये नोंदविल्यावरच घड्याळ खऱ्या अर्थाने अचूक होते.