मांस सोडले, मग मांसासारखे का खायचे? मॉक मीटची बौद्ध परंपरा आणि आजचा प्रश्न

मटण मसाल्यात शिजवलेल्या सोयाबीनच्या वड्या, कच्च्या फणसाची बिर्याणी, गव्हाच्या पिठापासून केलेले 'बदक'. मांस सोडलेल्या माणसाच्या ताटात असा पदार्थ दिसला की एक प्रश्न हमखास येतो : एवढीच आवड होती तर सोडले कशाला? प्रश्न बहुधा चेष्टेत विचारला जातो. त्यामागे मात्र एक पक्का समज असतो. मांस सोडणे म्हणजे मांसाची चव सोडणे, आणि ज्याला चव अजून हवी आहे त्याचे सोडणे खोटे, असा तो समज आहे.

हा समज कितपत खरा आहे, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी बौद्ध इतिहासाकडे जावे लागते, कारण मांसासारख्या दिसणाऱ्या शाकाहारी पदार्थांची जगातली सर्वांत जुनी आणि समृद्ध परंपरा चीनमधील बौद्ध विहारांच्या आश्रयाने वाढली आहे.

मांसाहाराबद्दल बुद्धवचन काय आहे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बौद्ध होण्यासाठी शाकाहारी असण्याची अट नाही. पंचशीलातील पहिले शील प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे आहे. मज्झिम निकायातील जीवक सुत्तात भिक्खूंसाठी मांसाचा नियम येतो. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे ज्याने पाहिले, ऐकले किंवा ज्याला तशी शंका आली, त्याने ते मांस घेऊ नये. या तिन्ही गोष्टी नसतील तर भिक्षापात्रात पडलेले मांस चालते. देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासे पूर्ण बंद करावेत अशी मागणी केली होती. तथागतांनी ती मान्य केली नाही, अशी विनय पिटकात नोंद आहे.

म्हणूनच श्रीलंका, थायलंड, म्यानमार येथील भिक्खू भिक्षेत मिळेल ते स्वीकारतात. महायान परंपरेत चित्र बदलले. लंकावतार सूत्रात मांसाहाराविरुद्ध एक स्वतंत्र प्रकरणच आहे. ही सूत्रे चीनमध्ये पोहोचली तेव्हा तिथली परिस्थितीही वेगळी होती. रोज दारोदार भिक्षा मागण्याची प्रथा तिथे फारशी रुजली नाही. विहारांना स्वतःच्या जमिनी आणि स्वतःची स्वयंपाकघरे होती. काय शिजवायचे हे संघच ठरवत असल्यामुळे 'पात्रात पडेल ते' ही सवलत तिथे लागू होत नव्हती.

पिठाचे बळी : सम्राट वू

लियांग वंशाचा सम्राट वू (राज्यकाळ ५०२ ते ५४९) हा कट्टर बौद्ध होता. त्याने भिक्खू-भिक्खुणींनी मद्य आणि मांस सोडावे यासाठी लेख लिहिला, धर्मसभा बोलावल्या आणि राजसत्तेचा जोर लावला. चिनी संघात शाकाहार पक्का होण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा इ.स. ५१७ मधील आदेश अधिक महत्त्वाचा आहे. राजघराण्याच्या पूर्वजांना पशुबळी देण्याची प्रथा होती. सम्राटाने ते पशू बंद करून त्यांच्या जागी पिठाचे नैवेद्य ठेवायला सांगितले. दरबारात आणि बाहेर गदारोळ उठला. पूर्वजांना आता रक्ताचा नैवेद्य मिळणार नाही, ते उपाशी राहतील, अशी लोकांची भीती होती.

सम्राटापुढचा पेच आजच्या घरातल्या पेचासारखाच होता. हत्या थांबवायची होती, पण तिच्याभोवती उभे असलेले नाते, श्राद्ध, पंगत आणि मान एका आदेशाने पुसता येत नव्हते. पिठाच्या पशूने प्रथेची जागा रिकामी न ठेवता त्यातला जीव वाचवला.

गव्हाचा चोथा आणि सोयाबीनची साय

पुढच्या शतकांत चिनी स्वयंपाक्यांनी या कल्पनेचे शास्त्र केले. त्याचे दोन मुख्य आधार होते, गहू आणि सोयाबीन.

गव्हाचे तंत्र आपल्या घरांना अनोळखी नाही. कुरडया करताना आपण गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढतो आणि चोथा बाजूला टाकतो. चीक म्हणजे पिष्टमय भाग. कोंड्याबरोबर चोथ्यात जे चिवट राहते, ती गव्हातली प्रथिने. चिनी स्वयंपाकी उलट करतात. मळलेली कणीक पाण्यात धूत राहतात, चीक वाहून जातो आणि हातात रबरासारखा लवचीक गोळा उरतो. त्याला 'मियानजिन' म्हणतात. जपानी वळणाचे 'सैतान' हे नाव आज जगभर चालते. हा गोळा वाफवला, तळला किंवा रश्श्यात शिजवला की त्याला मांसासारखे तंतू आणि चावण्याजोगा कस येतो.

सोयाबीनच्या दुधावर धरणारी साय वाळवून, थरावर थर गुंडाळून 'शाकाहारी हंस' करतात. जपानमध्ये टोफूच्या एका तळलेल्या पदार्थाचे नाव 'गानमोदोकी' आहे, अर्थ साधारण 'हंसासारखे'.

तेराव्या शतकातील लिन होंग यांच्या पाककृतींच्या पुस्तकात 'खोटे तळलेले मांस' आहे. भोपळा आणि गव्हाचा हा गोळा पातळ चिरून, तळून ते करायचे. गंमत म्हणजे त्यातला भोपळा चरबीत तळायला सांगितला आहे! म्हणजे हे पदार्थ विहारापुरते उरले नव्हते. कसब आणि चव म्हणून मांसाहारी लोकही ते आवडीने खात होते.

विहारांत या पदार्थांचे आणखी एक काम होते. दान द्यायला, पूर्वजांच्या नावे विधी करायला येणारे उपासक बहुतेक मांसाहारी असत. त्यांना जेवायला बसवायचे, तर पंगत भरलेली दिसली पाहिजे. मांसाशिवायही पाहुणचार होतो, हे उपदेशापेक्षा ताटाने लवकर पटते. १९२२ मध्ये शांघायमध्ये बौद्ध उपासकांनी 'गोंगदेलिन' हे शाकाहारी भोजनालय सुरू केले. नावाचा अर्थ पुण्याचे वन. अशा पदार्थांसाठी ते आजही प्रसिद्ध आहे. व्हिएतनाममध्ये अनेक कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, आणि त्या दिवशी बाजारात असे पदार्थ सहज मिळतात.

मग लोक ते का खातात?

इतिहास बाजूला ठेवून आजची कारणे पाहिली तर ती साधी आहेत.

१. आक्षेप हत्येला असतो, चवीला नाही. बहुतेक लोक मांस बेचव लागले म्हणून सोडत नाहीत. प्राण्याचा जीव, पर्यावरण, प्रकृती किंवा श्रद्धा ही कारणे असतात. मांसाची चव बऱ्याच अंशी मसाला, तेल, धूर आणि आचेवर येणारा खरपूसपणा यांची असते. या गोष्टींना जीव घ्यावा लागत नाही.

२. स्वयंपाक मोडावा लागत नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रस्सा-भाकरी हे रविवारचे जेवण आहे, तिथे नवी पाककला शिकण्यापेक्षा त्याच रश्श्यात दुसरे काही घालणे सोपे असते. विदर्भातल्या सावजी जेवणात मटणाच्या बरोबरीने पाटवडी रस्सा असतो. कोकणात आणि गोव्यात सुरणाचे, नीरफणसाचे काप मसाला आणि रवा लावून तळतात, अगदी मासळीसारखे. बंगालमध्ये कच्च्या फणसाला 'गाछपाठा' म्हणजे झाडावरचा बोकड म्हणतात. या लोकांना पर्यायाची कल्पना कोणत्याही कंपनीने शिकवलेली नाही.

३. पंगतीतून उठावे लागत नाही. लग्न, जत्रा, मित्रांचे जेवण यांत सगळ्यांसारखे ताट समोर असले की माणूस वेगळा पडत नाही. एकाच घरात काही जण खातात आणि काही जण खात नाहीत, तिथे तर हे फार उपयोगी पडते.

४. प्रथिने हवी असतात. सोयाबीनच्या वड्या तेल काढून घेतलेल्या सोयापिठापासून करतात. कोरड्या १०० ग्रॅम वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. लातूर, वाशीमच्या शेतात पिकणारे हे पीक आहे, आणि मटणाच्या भावाशी तुलना केली तर गरिबाच्या खिशाला परवडणारे आहे.

जन्मापासून शाकाहारी असलेल्या अनेकांना मात्र हे पदार्थ नकोसे वाटतात, मांसासारखा पोतच त्यांना सहन होत नाही. ते साहजिक आहे. हे पदार्थ मुख्यतः मांस सोडणाऱ्यांसाठी आणि कमी करू पाहणाऱ्यांसाठी आहेत. पाश्चात्त्य देशांत ते विकत घेणाऱ्यांत मांसाहारी मोठ्या संख्येने असतात. सोयाबीनच्या मुळांमधील हिमयुक्त प्रथिनासारखे प्रथिन यीस्टकडून बनवून घेऊन बर्गरला मांसाचा रंग आणि वास देणारी इम्पॉसिबल फूड्स (स्थापना २०११) किंवा बियाँड मीट (२००९) या कंपन्यांनी ग्राहक म्हणून मांसाहारी माणसालाच समोर ठेवले.

तृष्णेचे काय?

एक आक्षेप आपण गंभीरपणे घेतला पाहिजे. मांसाची नक्कल खाणारा माणूस तृष्णेला खतपाणी घालत नाही का? चिनी परंपरेतील काही आचार्यांनाही मॉक मीट याच कारणासाठी पसंत नाही. जिभेचे लाड पुरवत राहिलो तर मन तिथेच अडकते, असे ते म्हणतात.

आक्षेपात तथ्य आहे, पण तो फक्त मॉक मीटला लावणे बरोबर नाही. संयुत्त निकायातील पुत्तमंस सुत्तात अन्नाकडे आसक्तीशिवाय, केवळ देह टिकवण्यापुरते पाहण्याची शिकवण आहे, आणि ती प्रत्येक घासाला लागू होते. श्रीखंडाची तिसरी वाटी मागणाऱ्याची तृष्णा सोयाबीनचा रस्सा मागणाऱ्यापेक्षा कमी ठरत नाही. शिवाय तृष्णा आणि हत्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धम्मात कर्माची कसोटी चेतना ही आहे. ज्याच्या मनात जीव वाचवण्याची चेतना आहे, त्याच्या जिभेला जुनी चव आठवते म्हणून ती चेतना खोटी होत नाही. दोन्ही एकाच दिवशी सुटल्या तर उत्तमच. पण आधी हत्या सुटली तरी एक प्राणी वाचतोच.

सम्राट अशोकाचा पहिला शिलालेख या बाबतीत बोलका आहे. पूर्वी राजवाड्याच्या स्वयंपाकघरासाठी रोज लाखो प्राणी मारले जात. आता फक्त तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. सम्राटाने आपली अपूर्णता दगडावर कोरून ठेवली. ती त्याला लपवावीशी वाटली नाही.

आपल्या समाजासाठी या प्रश्नाचा अर्थ

महाराष्ट्रात हा विषय केवळ चवीचा नाही. इथे ताटावरून जात ओळखली गेली आहे. मांसाहारी आहात म्हणून भाड्याने घर नाकारले जाणे आजही ऐकू येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यतेचा उगम यांचा संबंध मांडला. त्याआधी १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे आवाहन केले होते. ते आवाहन स्वाभिमानासाठी होते. दुसऱ्याने अपवित्र ठरवले म्हणून सोडणे आणि स्वतः विचार करून सोडणे यांतला फरक तिथे दिसतो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हे बुद्धांनी तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नाही. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. या भेदातून पाहिले तर पर्यायी पदार्थांचे महत्त्व कळते. कोरडवाहू गावात, मजुरीच्या घरात मांस किंवा मासळी ही कधीकाळी खरी गरज असेल, आणि जिथे ती आजही आहे तिथे कोणाला बोल लावायचे कारण नाही. पण पोषण आणि चव देणारा दुसरा पदार्थ हाताशी आला की गरज कमी होते. मग उरते ती इच्छा, आणि इच्छेबद्दल प्रत्येकाने स्वतःलाच विचारायचे असते.

म्हणून मॉक मीट खाणाऱ्याला ढोंगी म्हणणे जितके चूक, तितकेच ते खाणाऱ्याने मांस खाणाऱ्या बांधवाकडे खाली पाहणे चूक आहे. तसे झाले तर सोवळ्याओवळ्याची जुनीच भिंत आपण नव्या विटांनी बांधू.

घेताना काय पाहावे

भारतात हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात दूध चालते. दूधही नको असेल तर व्हिगन अन्नासाठीचे वेगळे हिरवे चिन्ह पाहावे. त्याचे नियम २०२२ मध्ये आले. परदेशात काही पर्यायांत अंड्याचा पांढरा भाग असतो. गव्हाच्या प्रथिनांची ॲलर्जी किंवा सीलिॲक आजार असणाऱ्यांनी मियानजिन आणि सैतान टाळावेत. तयार पदार्थांत मीठ पुष्कळ असू शकते. आणि ब १२ जीवनसत्त्व वनस्पतीतून मिळत नाही, ते पदार्थात वेगळे घातलेले आहे का हे वेष्टनावर वाचावे. नसेल तर डॉक्टरांना विचारावे.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपल्यातील काही कुटुंबे मांसाहार बंद ठेवतात. पौर्णिमेला अष्टशील घेणारेही आहेत. त्या काळात घरातल्या मुलांनी रविवारचा रस्सा मागितला, तर त्यांना रागावू नये. त्याच मसाल्यात सोयाबीनच्या वड्या किंवा फणस शिजवावा आणि हे का करतो आहोत तेही सांगावे.