घ्यायला कोण येणार?

परगावी निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. सोडायला कोण येणार? आणि तिकडे घ्यायला कोण येणार? पहिल्या प्रश्नाची काळजी नसते. आमच्या बपेऱ्यातून कुणी हजला किंवा काशीला निघालं, की एसटी हलेपर्यंत अर्धं गाव थांब्यावर उभं असतं. झोप उडवतो तो दुसरा प्रश्न. तुमसर ओळखीचं, नागपूर ऐकून माहीत; पण त्याच्या पुढे कोण?

आता या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विकत मिळतं. मोठ्या विमानतळांवर पैसे भरले की गणवेशातला एक माणूस तुमच्या नावाची पाटी धरून उभा राहतो. सामान ढकलगाडीवर चढवतो, काउंटरवर नेतो, कागद कुठे दाखवायचे ते सांगतो आणि विमानाच्या दारापर्यंत सोबत करतो. मुंबई विमानतळावर अशी सेवा ‘प्रणाम’ या नावाने मिळते. जगभरच्या मोठ्या विमानतळांवर अशा सेवा आहेत. हा विमानयुगातला नवा धंदा वाटेल, पण त्याचा इतिहास जुना आहे आणि आपल्या घरांपर्यंत येऊन पोचणारा आहे.

आपल्या भाषेपासूनच सुरुवात करू. मुसाफिर, मुक्काम, हमाल, जहाज हे शब्द अरबीतून आले. सामान आणि सराई फारसीतून. मराठी माणूस प्रवासाला निघतो तेव्हा यातले दोन-चार शब्द त्याच्याबरोबर गाडीत बसतातच. वाटसरूला वाट दाखवणारा ‘वाटाड्या’ मात्र अस्सल आपला. त्याला मोबदला म्हणून धान्य द्यायचं की पैसे, की नुसती दुवा, हा सवाल तेव्हापासूनचा आहे.

तीर्थयात्रेत हे काम तीर्थोपाध्यांनी केलं. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला यात्रेकरू उतरला की पहिला प्रश्न यायचा, गाव कोणतं, आडनाव काय? उत्तर मिळताच नामावळीची वही उघडायची आणि त्यात आजोबा-पणजोबांच्या भेटीची नोंद सापडायची. परक्या गावात कुणीतरी आपल्या पणजोबाचं नाव घेतो, याहून मोठं स्वागत कोणतं? पुढे उतरण्याची सोय, स्नान, श्राद्ध, दक्षिणा हे सगळं त्याच्याच हाती. या मायेला दरपत्रक नव्हतं, म्हणून कधी ती स्वस्त पडायची, कधी फार महाग.

मक्केत असाच एक वर्ग होता. त्यांना मुतव्विफ म्हणत. आपल्याकडचे हाजी मुअल्लिम म्हणतात. कोणत्या प्रदेशाचे यात्रेकरू कोणाचे, हे ठरलेलं असे आणि तो हक्क बापाकडून मुलाकडे जाई. जेद्दा बंदरात त्यांचे वकील यात्रेकरूंना उतरवून घेत. वही नाशिकची असो की मक्केची, रीत एकच.

विदर्भातल्या हाजीसाठी मक्केआधीची परीक्षा होती मुंबई. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. त्यानंतर भंडाऱ्याकडच्या माणसाने नागपूरपर्यंत बैलगाडीने जावं आणि तिथून आगगाडीने बोरीबंदर गाठावं, असा रस्ता झाला. पण जहाज ठरलेल्या दिवशी सुटेलच, याची खात्री नसे. मुंबईत दिवस न् दिवस काढावे लागत. दलाल गाठत, तिकीट चढ्या भावाने विकत, जहाजात माणसं कोंबत. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हातातला कागद तिकीट आहे की रद्दी, हे दुसऱ्यानेच सांगायचं! अशांना डोकं टेकायला जागा मिळावी म्हणून दानशूर मंडळींनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यातलाच. हाजींच्या कित्येक पिढ्यांना मुंबई माहीत होती ती एवढीच.

सरकारला जाग यायला मात्र गाजावाजा व्हावा लागला. १८८० च्या जुलैमध्ये ‘जेद्दा’ नावाचं जहाज पेनांगहून साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरू घेऊन निघालं. वादळात पाणी शिरलं तेव्हा कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचललं. एडनला पोचून त्यांनी सांगितलं, जहाज बुडालं, सगळे गेले. आणि लगेच दुसऱ्या एका जहाजाने ओढत आणलेलं ‘जेद्दा’ यात्रेकरूंसह एडनच्या बंदरात हजर झालं! जोसेफ कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’ ही १९०० सालची कादंबरी याच घटनेवर उभी आहे. कादंबरीने एका अधिकाऱ्याच्या मनातली टोचणी अजरामर केली. जहाजावर उरलेल्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

त्याच दशकात मुंबईत यात्रेकरूंच्या रक्षणासाठी कायदा झाला आणि ‘प्रोटेक्टर ऑफ पिल्ग्रिम्स’ नावाचा अधिकारी नेमला गेला. १८८६ मध्ये सरकारने आणखी एक प्रयोग केला. जगाला सहली घडवणाऱ्या थॉमस कुक कंपनीकडे हजची व्यवस्था सोपवली. रेल्वेचं आणि जहाजाचं तिकीट एकाच ठिकाणी, ठरलेल्या भावाने, दलालाविना. आजच्या विमानतळावरच्या सेवेचं हे आजोबा म्हणायला हरकत नाही. पण काही वर्षांतच कंपनीने हात टेकले. यात्रेकरू गरीब होते, परतीचे पैसे आधी भरण्याची अनेकांची ऐपत नव्हती आणि नफ्याचं गणित काही जुळलं नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं. ज्याला मदतीची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याकडेच द्यायला सगळ्यांत कमी असतं.

जेद्दाच्या किनाऱ्यावर काय होतं? लाल समुद्रातल्या कमरान बेटावर विलगीकरणात दिवस काढून आलेला थकला-भागला जीव. न कळणारी भाषा. परतीचे पैसे संपले तर भीक मागण्याची वेळ. १८८२ पासून तिथल्या ब्रिटिश वकिलातीत डॉ. अब्दुर रज्जाक हे हिंदी डॉक्टर उपवकील होते. यात्रेकरूंचे हाल आणि त्यांची होणारी लूट याबद्दल ते सरकारला सतत लिहीत राहिले. १८९५ मध्ये जेद्दाच्या वेशीबाहेर झालेल्या हल्ल्यात ते मारले गेले. ते साम्राज्याचे नोकर होते हे खरं, पण परक्या बंदरात आपली बोली बोलणारा एक सरकारी माणूस असणं म्हणजे काय, हे त्यांच्या नेमणुकीने पहिल्यांदा दाखवलं. पुढे १९२५ च्या कायद्याने परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली, तेव्हा किनाऱ्यावर अडकून पडणाऱ्यांची संख्या आटोक्यात यायला मदत झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये हज कमिटीचा कायदा झाला. २००२ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मुंबईहून जाणारी हजची जहाजं १९९५ नंतर बंद झाली आणि सगळा प्रवास विमानाने होऊ लागला. नागपूरहूनही हजची विमानं सुटू लागली. पेटीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि कव्हर नंबर लिहायचा, हातात ओळखपट्टी बांधायची, विमानात इहराम कधी नेसायचा, हे आधी शिबिरात शिकवलं जातं. शिवाय राज्य सरकारं आपले काही कर्मचारी सोबत पाठवतात. त्यांना खादिमुल हुज्जाज म्हणत आले आहेत, म्हणजे हाजींचे सेवक. चुकलेल्याला शोधणं, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, हे त्यांचं काम. तिकडे जेद्दाला १९८१ मध्ये हजसाठी वेगळं टर्मिनल उघडलं. तंबूंसारख्या उंच कापडी छपरांची ही इमारत उभी करणाऱ्यांत ढाक्याकडचे अभियंते फझलुर रहमान खान होते. वाळवंटातल्या प्रवाशाला आधी सावली हवी, हे त्यांना कळलं होतं.

आमच्या नागपूरला तर विमानप्रवाशांची रात्रीची वर्दळ जुनी आहे. १९४९ ते १९७३ या काळात दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची टपाल विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत. टपालाच्या पिशव्यांबरोबर प्रवासीही इथे विमान बदलत. देशाच्या मध्यावर, अर्ध्या रात्री, कोणतं विमान आपलं हे सांगणारा माणूस लागतच असणार!

आता आजच्याकडे येऊ. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार चालता न येणाऱ्या प्रवाशाला व्हीलचेअर आणि मदतनीस देणं ही विमान कंपनीची जबाबदारी आहे, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांना खुर्ची मिळाली नाही. पत्नी खुर्चीत, ते तिच्याबरोबर पायी; वाटेत कोसळले आणि गेले. एअर इंडियाला तीस लाखांचा दंड झाला. खुर्च्यांना मागणी फार होती, असं कारण पुढे आलं.

मागणी इतकी का? उत्तर आपल्याच घरांत आहे. मुलगा अमेरिकेत किंवा आखातात. आईला एकटीला बोलावतो आणि तिकीट काढताना व्हीलचेअर मागतो. ही आई धानाच्या बांधावरून दिवसभर चालणारी आहे. तिच्या पायांना काही झालेलं नाही. तिला फक्त इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत आणि कुणाला विचारायचं ते कळत नाही. खुर्ची मागितली की खुर्ची ढकलणारा माणूस मिळतो. हवा असतो तो माणूस. पण माणूस मागण्याची सोय फुकटात नाही, म्हणून धडधाकट बाई लंगडी ठरते आणि खरोखर लंगडा उभा राहतो. दोष ना तिचा, ना त्याचा.

हा पेच दीडशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरात होता तोच आहे. ज्याच्याकडे पैसे, त्याच्यासाठी कुक आला आणि ‘प्रणाम’ही आला. त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी मुसाफिरखाना बांधावा लागला, कायदा करावा लागला, खादिम नेमावा लागला. हजला जाणाऱ्यांना जो खादिम मिळतो, तो पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला का मिळू नये? तीर्थाला जाणारी आजी असो, आखातात कामाला निघालेला तुमसरचा पोरगा असो की दवाखान्यासाठी मुंबईला जाणारा शेतकरी.

यासाठी मोठं बांधकाम नको. नागपूर आणि मुंबईच्या विमानतळांवर दाराशीच एक टेबल हवं. त्यावर मराठी-हिंदीत पाटी आणि मागे आपली बोली समजणारी चार माणसं, विनामूल्य. त्यांनी पणजोबाचं नाव सांगितलं नाही तरी चालेल. “कुठं जायचं आहे, माय?” एवढं विचारलं तरी पुरे.